काजू प्रक्रिया उद्योग : भागीदारी, एलएलपी की प्रायव्हेट लिमिटेड?

कुडाळकरीण : सप्रेम नमस्कार. मी आणि माझी भावजय कुडाळजवळ काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना सुरू करत आहोत. बी उकडण्यापासून गरांच्या प्रतवारीपर्यंतची कामे आम्ही दोघी पाहू. भांडवलाचा मोठा वाटा माझे मामा देणार आहेत, मात्र रोजच्या कारभारात त्यांना लक्ष घालायचे नाही. हंगामात, म्हणजे मार्च ते मे दरम्यान, वर्षभराची बी घेऊन ठेवावी लागत असल्याने बँकेचे कॅश क्रेडिटही (मंजूर मर्यादेत लागेल तसे उचलता येणारे कर्ज) लागेल. घरचे साधे भागीदारीपत्र करा म्हणतात, तर एका सल्लागारांनी थेट प्रायव्हेट लिमिटेड सुचवली आहे. काय योग्य ठरेल?

जमाखर्च : साध्या भागीदारीत सर्वांत मोठी जोखीम तुमच्या मामांची आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार प्रत्येक भागीदार संस्थेच्या संपूर्ण देण्याला व्यक्तिशः बांधील असतो, मग तो कारखान्यात पाऊल टाको वा न टाको. म्हणजे धंदा बुडाला तर वसुली त्यांच्या घरा-बागेपर्यंत पोहोचू शकते. शिवाय संस्थेची नोंदणी केली नसेल, तर पैसे थकवणाऱ्या व्यापाऱ्यावर कराराच्या आधारे दावाही लावता येत नाही, हे भागीदारीपत्र करून देणारे सहसा सांगत नाहीत.

एलएलपीमध्ये, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारीत, भागीदाराची जबाबदारी ठरलेल्या भांडवलापुरती राहते. उलाढाल ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेले तरच लेखापरीक्षण सक्तीचे होते. कंपनीला मात्र ते पहिल्या वर्षापासून चुकत नाही. एलएलपीची विवरणपत्रे ३० मे आणि ३० ऑक्टोबरपर्यंत भरावीच लागतात, धंदा झालेला नसला तरीही. कराचा दर साधी भागीदारी आणि एलएलपी दोन्हींना ३० टक्केच आहे, परंतु उलाढालीवर अंदाजित नफा दाखवण्याची सोय साध्या भागीदारीला मिळते, एलएलपीला नाही. बाहेरचे गुंतवणूकदार आणायचे नसतील तर प्रायव्हेट लिमिटेडची घाई मला अनाठायी वाटते.

गरवाली : वरील उत्तर बरोबर आहे, पण बँकेच्या टेबलावर चित्र बदलते. एलएलपी असो वा कंपनी, लहान उद्योगाला कर्ज देताना बँका बहुधा भागीदारांची किंवा संचालकांची वैयक्तिक हमी मागतात, आणि त्या कागदावर सही झाली की त्या कर्जापुरते मर्यादित जबाबदारीचे कवच उरत नाही. मामांना नफ्यातील वाटा नको असेल, तर त्यांना भागीदार करण्याऐवजी त्यांची रक्कम बँकेमार्फत, व्याज व मुदत लेखी ठरवून, कर्ज म्हणून घ्या. मग हमीदार म्हणून त्यांची सही घेतली नाही, तर त्यांचे नुकसान त्या रकमेपलीकडे जाणार नाही.

कुडाळकरीण : मामांना व्याज चालेल, असे वाटते. मग आम्ही दोघींनी आधी साधी भागीदारी नोंदवून पुढे एलएलपी केली तर?

जमाखर्च : करता येते; रूपांतराच्या वेळी जुने सर्व भागीदार, आणि केवळ तेच, एलएलपीत असावे लागतात. मात्र नव्या संस्थेचा पॅन वेगळा असल्यामुळे जीएसटी क्रमांक बदलतो, बँक खाते आणि अन्न परवानाही नव्याने करावा लागतो. पाकिटांवर परवाना क्रमांक छापलेला असतो, तेव्हा एलएलपीचा विचार दोन-तीन वर्षांतला असेल तर पाकिटांची मोठी छपाई आत्ताच करू नका.