अनुभव धागा: वर्गातला धडा गावाच्या कामी कसा लावता?

एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) वर्षाचे १२० तास कसे भरायचे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे हवंय ते वेगळं. जे शिकवतो तेच गावाच्या उपयोगी कसं पाडायचं, त्याला काय लागतं आणि कुठे फसतं. भाषणं नकोत, प्रमाणं लिहा. कोल्हापूर आणि आसपासचे सगळे या.

रसायनशास्त्र, अकरावी-बारावी

रंकाळा तलावाच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजणे, विंकलर पद्धतीने. ३०० मिलीची बाटली पाण्याखाली तिरकी धरून भरायची, आत एकही बुडबुडा नको. काठावरच, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून २ मिली मँगनीज सल्फेट, मग २ मिली अल्कधर्मी आयोडाइड. बूच लावून उलटसुलट करायची. साका (तळाशी बसणारा गाळ) तपकिरी आला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाहीच. साका बसला की २ मिली संहत सल्फ्युरिक आम्ल, हे शिक्षकानेच घालायचं. पुढे प्रयोगशाळेत २०० मिली नमुन्यात ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट रंग जाईपर्यंत थेंबथेंब घालायचं. जितके मिली लागतील साधारण तितके मिलिग्रॅम प्रतिलिटर. शेवट नेमका कळावा म्हणून स्टार्च घालतात, पण मुलं घाईने तो आधीच घालतात आणि अंतिम बिंदू (रंग जातो तो क्षण) हुकतो. द्रावण फिकट पिवळं झाल्यावरच तो घालायचा.

खरा घोळ वेळेचा. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, म्हणून दुपारी तीनचा आकडा देखणा येतो आणि पहाटेचा पडतो. एका गटाने सकाळी आणि दुसऱ्याने दुपारी मोजून ‘संध्यामठाकडचं (रंकाळ्याचाच एक भाग) पाणी चांगलं’ असा तक्ता लावणं म्हणजे थट्टाच. दोन्ही जागा एकाच वेळी मोजा, नाहीतर तुलना करू नका.

भूगोल-गणित, माध्यमिक

आमच्याकडे पूररेषा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी; पावसाळ्यात हे आकडे पोरासोरांना पाठ असतात. पण बंधाऱ्यावर ४३ असताना आपल्या गल्लीत पाणी कुठवर येतं, हे लिहिलेलं नसतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरांच्या खुणा भिंतींवर अजून सापडतात, तिथून सुरुवात करायची.

साधन गवंड्याचंच: २० मीटर पारदर्शक लेव्हल नळी, रंगीत पाणी, टेप. नळीत बुडबुडा राहिला की दोन्ही टोकांची पातळी खोटी दाखवते. एक टोक अंगठ्याने दाबलेलं राहिलं तरी तेच. वाचताना दोन्ही तोंडं उघडी हवीत. प्रत्येक खूण त्या घराच्या उंबऱ्यापासून न मोजता एकाच पक्क्या दगडापासून मोजा, कारण उंबरे उंच करून घेतलेले असतात. नदीच्या पाण्याला उतार असतो, म्हणून बंधाऱ्याचा आकडा थेट गावाला लावायचा नाही. दोन्ही आकडे तारीख-वेळेसह शेजारी लिहायचे. तयार तक्ता तालमीच्या भिंतीवर लागला तरच काम झालं. मोजणी उन्हाळ्यात. पाणी चढत असताना मुलांना नदीकडे न्यायचं नाही.

जीवशास्त्र

गणपतीनंतरचं निर्माल्य. आधी दोरे, जर, प्लास्टिक, कापराची वेष्टणं काढा. याला खत करण्यापेक्षा जास्त माणसं लागतात. मग एक घमेलं फुलांना दोन घमेली पाचट, दोन-तीन इंच कापलेलं. अख्खं पाचट महिनोन्‌महिने तसंच राहतं. ढीग मीटरभर लांब, रुंद, उंच हवा, त्याहून लहान तापत नाही. मूठ आवळली की एक-दोन थेंब पडावेत, धार नको. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर फुलं जास्त झाली, कुजका वास म्हणजे हवा नाही. आठवड्याला एकदा उलथा आणि रोज तापमान लिहा. तोच आलेख वर्गात शिकवायला घ्या.

समाजशास्त्र, बी. ए.

ऊसतोड वस्तीवर सर्वेक्षण असेल तर हंगामातच, आणि संध्याकाळी. दिवसा सगळे फडात. दहा-बारा प्रश्न पुरे. ‘मूल शाळेत जातं का?’ असं विचारलं की ‘हो’ येतं. ‘काल गेलं होतं का?’ असं विचारा.

रसायनशास्त्र, पुन्हा

गुणांचं राहिलंच. हजेरीला गुण देऊ नका सर, नाहीतर सगळे फक्त फोटोला येतात. वहीत तीन रकाने: काय दिसलं, धड्यातलं काय लागू पडलं, काय जुळलं नाही. आम्ही निम्मे गुण तिसऱ्या रकान्याला ठेवतो.

भूगोल-गणित

मॅडम, तिसरा रकाना घेतला. पण वही नववीच्या पुढे चालते. खालच्या वर्गांना वहीऐवजी नकाशावर बोट ठेवून तोंडी सांगू द्या.