वनपट्टा, गायरान, कांदा, रेशन: नाशकात चौघांची मोट बांधायची कशी?

डोंगरवाट:
राम राम, जय भीम, जोहार मंडळी. सुरगाणा-पेठचे वनपट्टेधारक (वनहक्क कायद्याखाली वनजमीन कसणारे), निफाड-चांदवडचे कांदेवाले, गायरान कसणारे भूमिहीन आणि शहरातल्या वस्त्यांमधले रेशनकार्डधारक, या चौघांचं एकच निवेदन घेऊन मोर्चा काढायचं घाटतंय. पहिल्याच बैठकीत खडाजंगी झाली. कांद्याला भाव हवा म्हटलं की वस्तीतल्या बाया भडकतात, मजुरीचं काढलं की बागायतदार उठून जातात. सुरुवात कुठून करावी?

उन्हाळ_कांदा:
एकच निवेदन करूच नका. सगळं एका कागदावर आलं की प्रत्येक खातं ‘हा आमचा विषय नाही’ म्हणून पुढे ढकलतं. वनदावे प्रांताधिकाऱ्यांकडे (उपविभागीय समिती), गायरान तहसीलदारांकडे, रेशन तालुक्याच्या पुरवठा शाखेत. कांद्याची निर्यात दिल्लीच्या हातात: ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क, ८ डिसेंबरला बंदी, ४ मे २०२४ ला बंदी उठली तरी शुल्क राहिलं, ते पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. यातलं प्रांत काय हलवणार? कागद चार करा, तारीख एक ठेवा, आणि प्रत्येक कागदावर बाकी तिघांच्याही सह्या घ्या.

भावाचं भांडण फळ्यावर मिटवा. एका बाजूला लिलावाची हिशेबपट्टी, शेजारी त्याच दिवशीचा वस्तीतल्या हातगाडीवरचा दर. मधल्या रकमेत हमाली, तोलाई, वाहतूक, घट, नफा भरत जा. मग वाद शेतकरी आणि वस्तीत उरत नाही. जमलं तर कांदाचाळीतली गोल्टी (बारीक कांदा) निवडून ५० किलोच्या गोण्या थेट वस्तीत उतरवा, पण ऑगस्टच्या आत. पुढे कोंब आणि सड वाढते, आणि खराब गोणी आली की आधीचा सगळा सलोखा नासतो.

दावा_फाईल:
वनहक्काच्या बाजूने. फाईल पडते ती बहुतेक ग्रामसभेच्या ठरावावर. निम्मे सभासद हजर हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात आणि एकूण दावेदारांपैकी निम्मे तरी हजर हवेत. रजिस्टरवर सह्या-अंगठे त्याच दिवशीचे घ्या. पुरावे किमान दोन प्रकारचे: वनखात्याची जुनी दंडाची पावती असेल तर उत्तम, नसेल तर गावातल्या दावेदार नसलेल्या म्हाताऱ्याचा लेखी जबाब. ताबा १३ डिसेंबर २००५ आधीचा. नामंजुरी लेखी कारणासह मागा, अपिलाचे ६० दिवस तिथून मोजतात.

आता कांदेवाल्यांशी धागा इथे जुळतो. पट्टा मिळूनही नाव सातबाऱ्यावर ‘इतर हक्कात’ पडलं, तर पीककर्ज आणि हमीभावाच्या भातखरेदीला अडतं. ‘सातबारा कोरा करा’ आणि ‘सातबारा नावावर करा’ म्हणणारे एकाच कागदासाठी भांडतायत, फक्त रांगेत मागे-पुढे उभे आहेत.

अंगठा_मशीन:
मजुरीवर बागायतदार उठतात, म्हणून विषय रेशनने उघडा. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला येतात, कार्ड मात्र गावच्या दुकानाला. पोर्टेबिलिटीमुळे कुठल्याही दुकानात अंगठा चालतो: प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो. पण दुकानाचा माल नेहमीच्या कार्डांच्या हिशेबाने आलेला, म्हणून ‘संपलं’ ऐकायला मिळतं. मजूर उतरले की त्यांच्या १२ अंकी आरसी (रेशनकार्ड) नंबरांची यादी पुरवठा शाखेत द्या, पोच घ्या. यादी बागायतदाराच्या सहीने जाऊ दे आणि रेशनच्या दिवशी अर्ध्या दिवसाची सुट्टी खाडा न धरता. एवढं देणारा माणूस पुढे उक्त्या कामाच्या दराला आणि उचलीच्या हिशेबालाही बसतो. न देणाऱ्याला व्यासपीठावर बसवू नका, हे माझं स्पष्ट मत.

डोंगरवाट:
गायरानवाल्यांचं?

भूमिहीन_हक्क:
दोन तारखा पाठ करा. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीची अतिक्रमणं नियमित करायची वाट काढली. १२ जुलै २०११ च्या निर्णयाने गायरान देण्यावर बंधन आलं. म्हणून १९९० आधीच्या ताब्याचे कागद (पीकपाहणी, दंड, नोटिसा) वेगळे बांधा, नंतरच्यांत मिसळू नका, नाहीतर जुन्यांचीही फाईल अडकते. आणि मेंढपाळांना पहिल्याच बैठकीला बोलवा. गायरान म्हणजे त्यांचं चराऊ रान. मागाहून कळलं तर मोर्चातलाच एक घटक हरकतदार होऊन तहसीलला उभा राहतो.

उन्हाळ_कांदा:
तारखेचं: आवणीत (भातलावणीत) आणि भातकापणीत डोंगरचे येणार नाहीत, द्राक्षाच्या गोडी छाटणीत बागेतले. पोळा ते दसरा एवढीच फट आहे. तारीख पुढे मार्चकडे सरकलीच तर दहावी-बारावीच्या परीक्षाही बघा. मार्च २०१८ मध्ये नाशिकच्या सीबीएस चौकातून निघालेला किसान सभेचा मोर्चा शेवटच्या रात्री पोरांच्या पेपरसाठी झोप मोडून मुंबईत चालला, तेव्हा शहर रस्त्यावर पाणी घेऊन उभं राहिलं. शिधा दर शंभर माणसांना एका जेवणाला १५ किलो तांदूळ, ५ किलो डाळ धरा. डाळ आधी शिजायला टाका.