मदत हवी आहे: मालवणी जत्रेसाठी दशावतार आणि शिरवाळ्यांचा साचा

नमस्कार मंडळी. भांडुपला आमच्या मंडळातर्फे जानेवारीत दोन दिवसांची मालवणी जत्रा करायचं ठरलंय. खाण्याची बाजू बरीचशी लागली आहे. कोंबडी-वडे, घावणे, सोलकढी करणाऱ्या काकू-मावश्या आमच्याच चाळींतल्या. शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, मात्र लोकांसमोर गरमागरम पाडून नारळाच्या गोड रसात द्यायचे आहेत. त्याला जुना लाकडी साचा हवा, आणि तो दाबायला दोन दणकट माणसं. माणसं आहेत, साचा नाही. कुणाकडे उसना किंवा भाड्याने मिळेल का?

खरा घोळ दशावताराचा, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्याचा. गावाला तो रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत रंगतो. इथे दहाला लाउडस्पीकर बंद. म्हणून संध्याकाळी सहाला सुरू करून साडेनऊपर्यंत आटपणारी कंपनी हवी. आख्यान आखडतं घेतलं तरी चालेल, पण आडदशावतारातला, म्हणजे आख्यानाआधीच्या भागातला, गणपती आणि संकासूर राक्षस गाळायचा नाही. संकासूर नसेल तर पोरं हसणार कशाला? पेटी, पखवाज, झांज प्रत्यक्ष वाजली पाहिजेत, पेनड्राइव्हवरचं संगीत नको.

जानेवारी म्हणजे तिकडे जत्रांचा हंगाम, सिंधुदुर्गातल्या कंपन्यांच्या तारखा भरलेल्या. मुंबईतच राहणारे कलाकार कुणाच्या ओळखीत आहेत का? बिदागी साधारण किती द्यावी लागते?

आणि गॅसवरचे स्टॉल असतील तर परवानगीसाठी आधी कुठे जायचं, पोलिस ठाणं, पालिकेचं वॉर्ड ऑफिस की अग्निशमन दल? ज्यांनी हल्लीच असा कार्यक्रम केलाय त्यांनी कृपया सांगा.