मदत हवी आहे : हेत्वाभास (युक्तिवादातले फसवे कारण) ओळखता येतो, पण पुढे काय?

नमस्कार. अकरावी-बारावीला तर्कशास्त्र हा माझा विषय होता आणि सत्यता कोष्टके मी बिनचूक मांडत असे. मात्र रोजच्या बोलण्यातला युक्तिवाद तपासायची वेळ आली की त्या कोष्टकांचा फारसा उपयोग होत नाही, असा अनुभव येतो आहे.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत सुरक्षारक्षकांच्या कंत्राटाला मुदतवाढ देण्याचा विषय निघाला. नवे रक्षक आल्यापासून वर्षभरात एकही चोरी झालेली नाही, असे सचिवांनी सांगताच मी उठून सुनावले, की हा काकतालीय न्याय झाला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, म्हणून फांदी कावळ्याने तोडली असे ठरत नाही. त्यावर शेजारच्या काकांनी शांतपणे विचारले, "मग रक्षकांमुळे फरक पडला की नाही, हे तुम्ही कसे ठरवाल?" मला उत्तर देता आले नाही. आधीच्या ६ वर्षांत मिळून दोनच चोऱ्या झाल्या होत्या, म्हणजे चोरीविना वर्ष जाणे आमच्याकडे नेहमीचेच होते, हे मला घरी जिना चढताना सुचले.

सध्या न्यायदर्शनातील, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कपरंपरेतील, अनुमानाचा भाग वाचतो आहे. प्रतिज्ञा (दावा), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते प्रस्तुत प्रकरणाला लावणे) आणि निगमन (निष्कर्ष) या पाच अवयवांत स्वतःचे म्हणणे लिहून पाहिले, की बहुतेक वेळा माझे उदाहरणच लंगडे निघते, एवढा फायदा नक्की झाला. अडलो आहे तो 'उपाधी'पाशी, म्हणजे दोन गोष्टींची सोबत ज्या न सांगितलेल्या अटीवर अवलंबून असते तिच्यापाशी. धूर असेल तिथे अग्नी असतो, परंतु अग्नी असेल तिथे धूर असतोच असे नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो, कारण धुराला ओल्या सरपणाची जोड लागते, आणि ते ओले सरपण म्हणजे इथली उपाधी. आता त्याच वर्षी आमच्या मागच्या कुंपणाची भिंतही उंच केली होती. या भिंतीला आमच्या प्रकरणातील 'ओले सरपण' म्हणणे शास्त्राला धरून होईल, की मी दोन वेगळ्या कल्पनांची सरमिसळ करतो आहे?

तर्कदोषांच्या नावांच्या याद्या कृपया सुचवू नयेत. त्या पाठ करून मी केवळ भांडखोर झालो, असे घरच्यांचे मत आहे. पुराव्याचे वजन जोखण्याचा सराव ज्यांनी केला असेल, विशेषतः वर्तमानपत्रातील अग्रलेख घेऊन केला असेल, त्यांनी एखादे सोडवलेले उदाहरण इथे सविस्तर मांडावे, ही विनंती.