मदत हवी आहे: क्रेडिट कार्डावरून एटीएममधून रोख काढली, आकडा काही केल्या उतरेना

सड्यावरची, ७ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत. फार नाहीत, पण घर त्यांच्यावरच चालतं. नोव्हेंबरात फवारण्या सुरू झाल्या की पैसा नुसता जात राहतो, यायला एप्रिल उजाडतो. गड्यांची मजुरी आणि राखणीच्या गुरख्याचा पगार रोखीतच द्यावा लागतो. गुरख्याच्या मोबाइलवर क्यूआर आहे, नवऱ्याच्या रुपे क्रेडिट कार्डाने त्यावर पैसे पाठवून पाहिले, ते जाईनात. म्हणून नवऱ्याने सरळ कार्ड एटीएममध्ये घातलं. १८ नोव्हेंबर ते १६ डिसेंबर, दर मंगळवारी १०,००० असे पाच वेळा. एकूण ५०,०००. मला कळलं परवा, ५ तारखेचं बिल आलं तेव्हा.

२२ डिसेंबरला त्याने २,००० भरलेत. तरी बिलात बाकी ५३,४०० च्या वर दिसतेय. म्हणजे घेतले ५०, दिले २ आणि राहिले ५३? शाळेत माझं गणित बरं होतं, पण हे मला सुटेना.

विचारायचंय ते असं की बिलावर 'किमान देय' म्हणून जो आकडा आहे तेवढा भरत राहिलो आणि एप्रिलात वाशीच्या बाजारातून पट्टी, म्हणजे आंबा विकल्याचे पैसे, आली की एकदम फेडलं, तर चालेल का? की आत्ताच काही हालचाल करावी? घरात रोख नाही. सोनं थोडं आहे, पण तो विषय निघाला की सासूबाई जेवत नाहीत.

---

मुंबैकर चाकरमानी, ७ जानेवारी, रात्री १०:०५

घाबरू नका. क्रेडिट कार्डाला ४५-५० दिवस बिनव्याजी मिळतात. बँकेची काहीतरी चूक झाली असेल, फोन करून भांडा. मी दरवर्षी गणपतीत गावी येताना सगळा खर्च कार्डावर करतो, एक रुपया व्याज लागत नाही.

---

हिशेबी, ७ जानेवारी, रात्री १०:३०

चाकरमानी, तुम्ही खरेदीचं सांगताय. ती मुदत खरेदीला असते, तीही मागचं बिल पूर्ण भरलेलं असेल तरच. रोख काढली तर व्याजाचं मीटर नोटा हातात पडतात त्याच दिवशी सुरू होतं. ताई, बँकेशी भांडून काही निघणार नाही, हिशेब बरोबर असावा असं दिसतंय. तरी मांडून बघतो. बिलावर व्याजाचा दर किती आहे आणि दर वेळचं शुल्क किती लागलंय, तेवढं सांगा.

---

सड्यावरची, ७ जानेवारी, रात्री १०:५२

दर महिना ३.७५ टक्के लिहिलंय. शुल्क प्रत्येक वेळी ५००, आणि त्याखाली जीएसटी ९०.

---

हिशेबी, ७ जानेवारी, रात्री ११:२५

मग उत्तर मिळालं. बघा.

रोख काढायचं शुल्क बहुतेक बँकांत २.५ टक्के असतं, पण त्याला किमान मर्यादा असते, तुमच्या बँकेत ती ५०० दिसतेय. १०,००० चे अडीच टक्के होतात २५०, पण लागले ५००. पाच खेपांचे २,५००, वर १८ टक्के जीएसटी ४५०, मिळून २,९५०. हेच ५०,००० एका दमात काढले असते तर १,२५० आणि जीएसटी २२५ एवढ्यात भागलं असतं. हप्त्याहप्त्याने काढल्यामुळे शुल्क दुप्पट झालं.

आता व्याज. ३.७५ म्हणजे वर्षाला ४५ टक्के. १०,००० वर दिवसाला १२ रुपये ३३ पैसे. पहिले १०,००० पाच जानेवारीपर्यंत ४८ दिवस राहिले, पुढचे ४१, ३४, २७ आणि २०. सगळे मिळून १७० दिवस, म्हणजे २,०९६ रुपये. ह्या व्याजावरही १८ टक्के जीएसटी, तो ३७७. कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, कार्डाच्या व्याजावर असतो, हे फार जणांना माहीत नसतं.

५०,००० + २,९५० + २,०९६ + ३७७ = ५५,४२३. त्यातून भरलेले २,००० वजा, ५३,४२३. पाच-दहा रुपये इकडेतिकडे होतील. तुमचे २,००० नुसत्या शुल्कात आणि करात विरघळले, मुद्दलाला हातही लागला नाही.

एप्रिलपर्यंत थांबलात तर? ५ जानेवारीपासून १५ एप्रिल म्हणजे १०० दिवस. ५३,४०० वर साधारण ६,५८० व्याज, वर जीएसटी ११८५ च्या आसपास. पावणेआठ हजारांचा फटका. मधेमधे किमान रक्कम भरत गेलात तर थोडा कमी. आणि पट्टी १५ एप्रिलला हातात पडते का, ते तुम्हीच सांगा.

---

सड्यावरची, ७ जानेवारी, रात्री ११:४०

पट्टी कुठली वेळेवर. मागच्या वर्षी शेवटचे पैसे जूनमध्ये आले, तेही चार फोन केल्यावर.

४५ टक्के?? गावातला सावकार बरा की हो.

---

बंदरावरचो, ८ जानेवारी, सकाळी ६:१५

गे बाय, सावकाराचा नाव काढू नको. आमच्या होडीचा इंजिन त्याच्याच पैशान इला नि त्याच्याच पायात गेला.

माझा आयक. वाशीच्या दलालाकडसून ॲडव्हान्स उचलूचा नाय, ह्या आधी ठरव. पैशे तो हसत देता, पण मगे तुझो आंबो त्याच्याच गाळ्यार जातलो, भाव तो सांगात तो. कार्डाचा व्याज कागदार दिसता तरी. ह्या खय दिसत नाय.

---

सड्यावरची, ८ जानेवारी, सकाळी ७:०२

दलालाचा ॲडव्हान्स नवऱ्यालाही नकोच होता, म्हणून तर तो कार्डाकडे वळला. एवढ्यापुरतं त्याचं बरोबरच होतं म्हणायचं.

कणकवलीला एक मोबाइलवाला म्हणे कार्ड स्वाइप करून रोख देतो, २ टक्के कापून. नवरा म्हणतोय तिथे ५४,००० स्वाइप करू, त्या रोखीने हे बिल भरू, म्हणजे पुढचे ४५ दिवस बिनव्याजी. ऐकायला बरं वाटतं.

---

जुना कॅशियर, ८ जानेवारी, सकाळी ११:२०

तो मार्ग सोडा. माल न घेता खरेदी दाखवून रोख घेणं कार्डाच्या अटींत बसत नाही. एका दुकानात गोल आकड्यांचे मोठे व्यवहार दिसले की बँका कार्ड बंद करतात आणि सगळी बाकी एकदम मागू शकतात. शिवाय ती ४५ दिवसांची मुदत तुम्हाला मिळणारच नाही. बिल पूर्ण भरलं नाही की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, म्हणजे मोबाइलवाल्याचे २ टक्के जातील आणि व्याजही चालूच राहील. ४५ दिवसांनी तेच ५४,००० पुन्हा उभे करायचे, ते वेगळंच.

आणि म्हणूनच, बाकी पूर्ण मिटेपर्यंत ह्या कार्डावर काडेपेटीसुद्धा घेऊ नका.

मी तेहतीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला होतो, त्यामुळे एक सांगतो. तुमच्या बँकेच्या 'सर्वात महत्त्वाच्या अटी' नावाच्या पत्रकात तुम्ही भरलेले पैसे कुठल्या क्रमाने वळते होतात ते छापलेलं असतं. काही बँकांत आधी कर, शुल्क, व्याज, मग खरेदी आणि रोख अगदी शेवटी. म्हणजे महागडी रोख तळाला बसून राहते.

---

सड्यावरची, ८ जानेवारी, दुपारी १२:०५

आई गं. परवाच किराणा घेतला त्यावर. १,३०० चा. नवरा आत्ता माझ्यासमोर कार्ड पाकिटातून काढून डब्यात टाकतोय.

---

मुंबैकर चाकरमानी, ८ जानेवारी, दुपारी १:१०

माझं चुकलं, मागे घेतो. पण वर्षाला ४५ टक्के घ्यायला कायद्याने परवानगी आहे? ३० टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही असं कुठेतरी वाचलं होतं.

---

हिशेबी, ८ जानेवारी, दुपारी २:३०

होतं तसं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो निकाल रद्द केला. त्यामुळे त्या आधारावर भांडून उपयोग नाही.

आता मार्ग. पीककर्ज का नाही घेतलं, ताई? विकास सोसायटीतून ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर पंजाबराव देशमुख योजनेत व्याज शून्यावर येतं. किसान क्रेडिट कार्ड राष्ट्रीयीकृत बँकेत काढलं तरी ७ टक्के, आणि वेळेत फेडलं तर ४. आणि १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंत तारण लागत नाही. एकाच बागायतदाराला एका कार्डावर ४ टक्के आणि दुसऱ्यावर ४५. 'क्रेडिट कार्ड' हे नाव तेवढं सारखं.

---

सड्यावरची, ८ जानेवारी, दुपारी ३:१५

हिशेबी, तुम्ही कोकणातले नसाल. आमच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. दोघे वारलेत, त्यांच्या वारसांची नोंद नाही. चौघे मुंबईत, एक काका बडोद्याला, आणि एका आत्याशी आमच्या घरचं १९९८ पासून बोलणं नाही. सोसायटीने सगळ्यांची संमती मागितली. नवरा दोन वर्षं सह्यांच्या मागे फिरला, सहावर अडकला.

---

जुना कॅशियर, ८ जानेवारी, संध्याकाळी ५:४०

हे दुखणं मी सिंधुदुर्गात निम्म्या फायलींत पाहिलंय. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे आत्ता टाकून ठेवा, पुढच्या मोसमाला तरी उपयोगी पडेल. ह्या वेळी त्याच्या भरवशावर राहू नका.

ह्या वेळी सोनेतारण. बँकेत किंवा चांगल्या पतसंस्थेत साधारण १० टक्के धरा. ५३,४०० ला १०० दिवसांचं व्याज दीड हजाराच्या आत, वर मूल्यांकनाचे थोडे. पावणेआठ हजार कुठे आणि हे कुठे. मुदत ठेव असेल तर त्यावर ओव्हरड्राफ्ट आणखी स्वस्त पडतो, ठेवीच्या दरापेक्षा साधारण १ टक्का वर. बँकेला ही बाकी हप्त्यांत करून देता का असंही विचारा, पण काढलेल्या रोखीचे हप्ते बहुतेक बँका करत नाहीत.

सासूबाईंना 'गहाण' म्हणू नका. 'लॉकरमध्ये ठेवलंय, वर ते आपल्याला पैसे देतायत' असं सांगा. खोटं नाही ते.

---

बंदरावरचो, ८ जानेवारी, रात्री ८:००

आणि मोबाइलार 'पाच मिनटात कर्ज' म्हणून येता, ता उघडूचाय नाय. माझ्या भाच्यान उघडलान. सगळ्या नातेवायकांका फोन गेले, माका पण.

---

सड्यावरची, १४ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

संक्रांतीच्या शुभेच्छा सगळ्यांना. केलं एकदाचं. जामसंड्याला जाऊन सोनेतारण केलं. दोन्ही पाटल्या घेऊन गेले होते, एकच पुरली. सोन्याचा भाव एवढा चढलाय हे सासूबाईंना कळलं तेव्हा त्याच उलट म्हणाल्या, मग दुसरी ठेवून नवा स्प्रे पंप का नाही घेत.

आजच कार्डाचं ५ तारखेचं बिल आणि किराण्याचे १,३०० असे पूर्ण भरले. ॲपमध्ये बाकी शून्य दिसतेय.

---

हिशेबी, १४ जानेवारी, संध्याकाळी ७:१०

उत्तम. पण ५ फेब्रुवारीच्या बिलात साधारण ७०० रुपये दिसतील, तेव्हा दचकू नका. ५ ते १४ जानेवारी हे नऊ दिवस ५३,४०० वर व्याज चालूच होतं, ते ५९० च्या आसपास, वर जीएसटी १०७. किराण्याचे जीएसटीसह पंधराएक रुपये असतील. ते बिल मुदतीत भरा. 'आपण सगळं फेडलंय' म्हणून लोक ते दुर्लक्षित ठेवतात, मग विलंब शुल्क लागतं आणि सिबिलला, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेला, नोंद जाते. आता ती नोंद महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा जाते.

बिलात काही भलतंच दिसलं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चौकशीला १४४४८ हा क्रमांक आहे.

---

सड्यावरची, ६ फेब्रुवारी, रात्री ९:१५

७०३ आले. लगेच भरले.

अजून एक, कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितेय. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाची एटीएम सोय बंद करायचं बटण असतं, २०२० पासून सगळ्या बँकांना ते द्यावं लागतं. ते नवऱ्यानेच बंद केलं, मी सांगितलं नाही. आमच्याकडे रेंज फक्त मागल्या दारच्या विहिरीपाशी येते, तिथे उभा राहून दहा मिनिटं ओटीपीची वाट बघत होता.

तलाठ्याकडे अर्ज दिलाय. आत्याला मी फोन केला होता. उचलला तिने. आधी मोहोर कसा आहे ते विचारलं.