आई-बाबांना घेऊन श्रॉपशर: चार दिवसांत काय बघावं?

रेडिंगहून

नमस्कार मंडळी,

आई-बाबा जूनपासून आलेत. लंडन झालं, बाथ झालं, आता बाबा म्हणतात, "राजवाडे पुरे." ऑगस्टमध्ये आम्हाला चार दिवस मोकळे आहेत. लेक डिस्ट्रिक्टचे भाव बघून गप्प बसलो. श्रॉपशरमध्ये, म्हणजे पश्चिमेला वेल्सच्या सीमेलगतच्या परगण्यात, एक कॉटेज मिळतंय, पण तिकडे बघायला काय आहे, ते ओळखीत कुणालाच सांगता येईना. बाबांचे गुडघे दुखतात, आईचा श्रावण असेल, आणि मुलगा सात वर्षांचा, म्हणजे एका जागी बसणार नाही. बाबांनी कोल्हापुरात फाउंड्रीत तीस वर्षं काढलीत. कुणी गेलंय का तिकडे?

मृ., रेडिंग

वॉटफर्डहून

अगं, फाउंड्रीतल्या माणसाला तिकडेच न्यायचं! कॉटेज आजच्या आज बुक कर, मग पुढचं वाच.

आयर्नब्रिज गावाजवळ कोलब्रुकडेल नावाचं खोरं आहे. तिथे १७०९ साली पहिल्या अब्राहम डार्बीने लाकडाच्या लोणारी कोळशाऐवजी दगडी कोळसा भाजून केलेला कोक वापरून लोखंड गाळलं. लाकूडफाटा महाग होत चालला होता, आणि दगडी कोळसा तर खोऱ्यातच होता. तुझ्या बाबांनी जन्मभर कपोला भट्टीत जो कोक टाकला, त्याची सुरुवात इथली. ती भट्टी अजून आहे, वर छप्पर घालून जपलीय. आणि हा डार्बी मुळात भांडी करायचा. वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतायचं पेटंट त्याने १७०७ मध्ये घेतलं होतं. म्हणजे आपल्या बिडाच्या तव्याचं घराणंच म्हण. तिथल्या लोखंडाच्या संग्रहालयात ही सगळी कुळकथा आहे.

त्याच्या नातवाने, तिसऱ्या डार्बीने, १७७९ साली सेव्हर्न नदीवर बिडाचा पूल उभा केला. तीसेक मीटरचा गाळा, ३७८ टन लोखंड. १७८१ च्या नव्या वर्षाच्या दिवशी तो रहदारीला खुला झाला. बाबांना पुलाखालच्या वाटेवर नेऊन वर बघायला सांग. एवढं मोठं लोखंडी काम जोडायचं कसं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळे जोड सुतारी आहेत: खाचा, कुसवं, पाचरी. मी स्वतः पाऊण तास मान वर करून उभा होतो, बायको आइस्क्रीम खाऊन परत आली तरी.

१९३४ पासून पुलावर गाड्या बंद आहेत, त्यामुळे पोरगा मोकळा पळू शकेल. टोलनाक्याच्या घरावर जुन्या दरांचा फलक आहे, तो नक्की वाचा. सैनिक असो, टपालगाडी असो की राजघराणं, टोल कुणालाच माफ नाही. आपल्याकडच्या नाक्यांवर केवढी मोठी यादी असते माफीवाल्यांची!

ब्लिस्ट्स हिल हे व्हिक्टोरियन काळातलं गाव उभं केलंय. बँकेत आजचे पैसे देऊन जुनी नाणी घ्यायची आणि दुकानांत तीच खर्च करायची. मुलांचा अख्खा दिवस जातो. चढउतार आहेत, बाबांची काठी बरोबर ठेव.

बाकी: श्रूजबरी अर्धा दिवस. डार्विन तिथलाच, जन्म १८०९ चा, वाचनालयासमोर पुतळा आहे. कॉसफर्डचं हवाई दलाचं संग्रहालय फुकट आहे, पावसाच्या दिवसासाठी राखून ठेव. स्टोकसेला 'कॅसल' म्हणतात म्हणून बाबा पन्हाळ्याच्या अपेक्षेने येतील, तर आधीच सांग: तो लोकरीच्या व्यापाऱ्याचा वाडा आहे. तटबंदीसाठी त्याने १२९१ मध्ये राजाची परवानगी काढली होती, तरी पन्हाळगडाच्या मानाने तो अंगणातला दीपमाळेचा चौथराच. पण देखणा आहे, आणि मला स्वतःला मोठ्या किल्ल्यांपेक्षा जास्त आवडला.

वॉटफर्डचे काका (मंडळात काका तीन आहेत, म्हणून गाव लिहितो)

हॅरोहून

काकांनी श्रूजबरी अर्ध्या दिवसात उरकली, पण चौकातल्या पुतळ्याबद्दल चकार शब्द नाही! रॉबर्ट क्लाइव्ह आहे तो. जन्म याच परगण्यातला, १७२५ चा, आणि पुढे श्रूजबरीचा खासदार. सगळे त्याला प्लासीसाठी ओळखतात. माझं माहेर देवगड, त्यामुळे मला आधी १७५६ आठवतं. त्या फेब्रुवारीत इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनची जहाजं समुद्रातून आणि क्लाइव्हची फौज जमिनीवरून विजयदुर्गावर आली, आंग्र्यांचं आरमार जळालं. आणि हे सगळं पेशव्यांशी संगनमत करून, हे आपणच आपल्याला सांगायला हवं. नातवाला पुतळ्यासमोर उभं करून एवढं सांगितलंत तरी पुरे. वेळ उरला तर सीमेपलीकडे वेल्समध्ये पोविस कॅसल आहे, तिथे क्लाइव्ह घराण्याने भारतातून नेलेल्या वस्तू आहेत, टिपूचा तंबूसुद्धा. मी काचेसमोर फार वेळ थांबू शकले नाही.

आता आईंच्या श्रावणाचं. मृ., ब्लिस्ट्स हिलच्या दुकानात चिप्स जुन्या पद्धतीने बीफच्या चरबीत तळतात! वास छान येतो, म्हणून आधी सांगते. धपाटे आणि दही घेऊन जा. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये पंजाबी दुकानं भरपूर, भाजी तिथूनच भर. आणि श्रॉपशर ब्लू चीज तिकडची खासियत म्हणून कुणी गळ्यात मारलं तर लक्षात ठेव, ते पहिल्यांदा स्कॉटलंडात झालं.

हॅरोची मावशी

वॉटफर्डहून

मावशी, चूक कबूल. मी पुतळ्याखाली बसून सँडविच खाल्लं होतं, वर बघितलंच नाही.

एक राहिलं. चर्च स्ट्रेटनजवळ कार्डिंग मिल व्हॅली आहे, ओढ्यात पोरं डुंबतात, म्हाताऱ्यांना चहा मिळतो. तिथवर जा. पण लाँग मिंडच्या माथ्यावर चढणारा रस्ता, बरवे नावाचा, जावयाला माहीत नसताना घेऊ देऊ नकोस. आपल्या बर्व्यांसारखा सरळ नाही तो. एका गाडीपुरता रस्ता, एका अंगाला उघडी दरी, आणि समोरून मेंढ्या.

रेडिंगहून

काका, मावशी,

काल रात्री परतलो. बरवे घेतलाच, जीपीएसने सांगितलं म्हणून. आईने वरपर्यंत रामरक्षा म्हटली, दोनदा.

पुलाखाली बाबा तासभर होते. "एकाही कास्टिंगचं माप दुसऱ्याशी जुळत नाही," म्हणाले, "साच्यातून काढलं आणि जागेवर बसवत गेले." नंतर तिथल्या माहितीत तसंच लिहिलेलं सापडलं, तेव्हापासून घरात कुणाला बोलू देत नाहीत. नदीकाठी वाटोळ्या होड्यांची शेड आहे. ती बघून म्हणाले, "अगं, ही तर आपली काहील! पंचगंगेला पूर आला की आम्ही गुळाच्या काहिलीतूनच पलीकडे जायचो." तिथल्या आजोबांना त्यांनी हे मराठीत आणि हातवाऱ्यांनी सांगितलं, मी मध्ये पडले नाही.

क्लाइव्हसमोर मुलाला उभं केलं. त्याचा प्रश्न एकच: "मग विजयदुर्ग आता कुणाचा?" पोविसला जायला वेळ पुरला नाही.

मावशी, तुमचा धपाट्यांचा डबा आणि ठेच्याची बरणी माझ्याकडेच आहेत. गणपतीला हॉलवर घेऊन येते. बरणी रिकामी आहे, बाबांनी तिसऱ्याच दिवशी संपवली.

मृ.