‘बोट’ म्हणजे होडी का?

इंग्रजी ‘बोट’ या शब्दाला मराठीत ‘होडी’ हा प्रतिशब्द सरसकट द्यावा का, असा प्रश्न आला आहे. माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याचे कारण कोकण किनाऱ्यावरच्या वापरात आहे.

इंग्रजीत सर्वसाधारणपणे लहान ती ‘बोट’ आणि समुद्र ओलांडणारे मोठे ते ‘शिप’. (पाणबुडी कितीही मोठी असली तरी दर्यावर्दी तिला ‘बोट’च म्हणतात, हा अपवाद.) कोकणात मात्र हे नेमके उलटे झाले. लहान नौकांसाठी ‘होडी’, ‘डोण’, ‘तर’, ‘मचवा’, ‘पडाव’ असे शब्द आपल्याकडे होतेच. त्यामुळे हा परका शब्द त्यांच्या जागी न बसता, जिला आपल्याकडे नाव नव्हते त्या वाफेच्या जहाजाला, म्हणजे आगबोटीला, चिकटला. मुंबईहून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाई, आणि जेथे किनाऱ्याशी पाणी उथळ असे तेथे ती आत खोल पाण्यात उभी राही व उतारू पडावातून तिच्यापर्यंत जात. ‘पडावातून बोटीवर चढलो’ या वाक्यात लहान कोण आणि मोठे कोण, हे आमच्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाताना बुडालेली आणि सहाशेहून अधिक माणसांना घेऊन गेलेली ‘रामदास’ आजही ‘रामदास बोट’च आहे, तिला होडी म्हणणे कोणाच्या जिभेवर येणार नाही. रत्नागिरीकडे ‘त्यांचा मुलगा बोटीवर असतो’ असे म्हणतात, तेव्हाही तो परदेशी मालवाहू जहाजावर नोकरीला आहे असाच अर्थ असतो.

‘लागणे’ या क्रियापदाशी तर हा शब्द पूर्ण मराठी होऊन गेला आहे. ‘बोट लागली’ म्हणजे ती बंदरात आली, आणि ‘मला बोट लागली’ म्हणजे समुद्राच्या हेलकाव्यांनी मळमळून आले. माझी आजी प्रवासाला निघताना पदराच्या टोकाला आवळासुपारी बांधून घेत असे आणि विचारले की ‘मला बोट लागते ना’ एवढेच म्हणत असे. एसटी फलाटाला लागते आणि घाटात गाडीही लागते, ती याच चालीवर. हाताचे बोट नपुंसकलिंगी असल्यामुळे ‘बोट लागले’ आणि ‘बोट लागली’, ‘बोटाला’ आणि ‘बोटीला’, ‘बोटे’ आणि ‘बोटी’ यांत घोटाळा होत नाही. वर्तमानकाळातले ‘बोट लागते’ तेवढे तिन्ही अर्थांनी घेता येते आणि तेथे संदर्भच पाहावा लागतो.

म्हणून वल्ह्याने चालणाऱ्या बोटीचे भाषांतर ‘होडी’ असे खुशाल करावे. पण कोशात ‘बोट’ ही स्त्रीलिंगी नोंद वेगळी असावी, आणि तिच्याखाली ‘बोट लागणे’ दोन्ही अर्थांनी द्यावे.